लॅटिनचा प्राध्यापक आणि डोंगरावरचे पाणी

पाऊस किती पडला हे शाळेतली मुलेही मोजू शकतात. सरळ भिंतीचे भांडे उघड्यावर ठेवायचे आणि साचलेल्या पाण्याची उंची मोजायची. पण आकाशातून पाण्याऐवजी हिम पडत असेल तर? वाऱ्याबरोबर भुरभुरत येणारे हिमकण भांड्यात पडण्याऐवजी त्याच्या तोंडावरून पुढे निघून जातात. भांड्यात पडलेच तर काठोकाठ भरून वर टोपी तयार होते. जमिनीवर साचलेल्या थराची जाडी मोजावी म्हटले तर ती फसवी असते. नुकत्याच पडलेल्या दहा सेंटिमीटर हिमातून जेमतेम एक सेंटिमीटर पाणी निघते, कधी त्याहूनही कमी. वसंत ऋतूत तेवढ्याच जाडीच्या जुन्या हिमातून चार-पाच सेंटिमीटर पाणी निघते. मग एखाद्या डोंगरावर साचलेल्या हिमात पाणी आहे तरी किती, हे कसे सांगायचे?

पुढे जाण्यापूर्वी एक भाषिक अडचण दूर करू. मराठीत आपण फ्रीजमधल्या खड्यांनाही बर्फ म्हणतो आणि हिमालयात भुरभुरणाऱ्या पांढऱ्या पिसांनाही बर्फच म्हणतो. आपल्याकडे ते पडतच नाही, त्यामुळे वेगळ्या शब्दाची कधी गरज भासली नसावी. या लेखात मी आकाशातून पडणाऱ्या आणि जमिनीवर साचणाऱ्या सच्छिद्र पदार्थाला ‘हिम’ म्हणणार आहे आणि घट्ट, पारदर्शक घनाला ‘बर्फ’. वर्गात शिकवतानाही हा भेद पाळला तर मुलांचा बराच गोंधळ टळतो.

हिमातले पाणी मोजण्याचा प्रश्न अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत केवळ कुतूहलाचा नव्हता. नेवाडा राज्यातील रीनो या शहरात वर्षाला जेमतेम १९ सेंटिमीटर पाऊस पडतो. आपल्या माण तालुक्याला आपण दुष्काळी म्हणतो, पण तिथेही याच्या दुपटीहून अधिक पाऊस होतो. तरीही रीनोच्या परिसरात शेती आहे, कारण शहराच्या पश्चिमेला सिएरा नेवाडाची पर्वतरांग आहे. पॅसिफिक महासागरावरून येणारी हिवाळी वादळे या रांगेवर आदळतात आणि आपले पाणी हिमाच्या रूपाने तिथे ठेवून जातात. एप्रिल ते जुलै या काळात ते वितळते आणि ऐन गरजेच्या वेळी नद्यांना पाणी येते. म्हणजे हे धरणाची भिंत नसलेले धरणच झाले. पण या धरणात यंदा किती साठा आहे, हे सांगणारी पट्टी कुठेच नव्हती. शेतकरी डोंगराकडे पाहायचा, पांढरे किती खालपर्यंत आले आहे याचा अंदाज घ्यायचा आणि पेरणी ठरवायचा. पांढरा रंग मात्र एक वीत हिमाचा आणि दोन पुरुष हिमाचा सारखाच दिसतो.

ही पट्टी तयार करणारा माणूस अभियंता नव्हता, हवामानशास्त्रज्ञही नव्हता. जेम्स एडवर्ड चर्च हे लॅटिनचे प्राध्यापक. जन्म १८६९, मिशिगन राज्यातला. १८९२ मध्ये ते रीनोच्या नेवाडा विद्यापीठात शिकवायला आले. पुढे जर्मनीतील म्युनिक येथे जाऊन १९०१ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली, तीही लॅटिनमध्येच. चित्रकलेचीही त्यांना मनापासून ओढ होती. डोंगराशी त्यांचा संबंध आला तो निव्वळ आवडीतून. रीनोहून माउंट रोझ हे शिखर दिसते. त्याची उंची ३२८५ मीटर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. १८९५ सालच्या हिवाळ्यात चर्च या शिखरावर चढले. भर हिवाळ्यात तिथे चढण्यात काही अर्थ आहे, असे त्या काळी गावात फारसे कोणाला वाटत नसे.

हिवाळ्यात असे शिखर चढायचे म्हणजे पायांखाली काहीतरी हवे. सत्तर किलो वजनाचा माणूस पाठीवर पंधरा किलोचे ओझे घेऊन चालला आहे, असे समजा. चालताना बहुतेक वेळ सगळे वजन एकाच पायावर असते. बुटाच्या तळाचे क्षेत्रफळ साधारण २५० चौरस सेंटिमीटर धरले तर दर चौरस सेंटिमीटरवर ३४० ग्रॅम भार येतो. ताजे हिम एवढा भार सोसत नाही. पाय मांडीपर्यंत रुततो, तो उपसून काढेपर्यंत दुसरा रुततो आणि तासाभरात माणूस दमून बसतो. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांनी यावर फार पूर्वीच उपाय शोधला होता. ॲश झाडाचे लाकूड वाफवून वाकवायचे, त्याची लांबट चौकट करायची आणि तिच्यात कच्च्या कातड्याच्या वाद्यांची जाळी विणायची. या हिमपादुकेचे क्षेत्रफळ १८०० चौरस सेंटिमीटर असेल तर तोच भार दर चौरस सेंटिमीटरला ४७ ग्रॅमवर येतो, म्हणजे सातवा हिस्सा. चिखलात फळी टाकून चालण्याचीच ही युक्ती, फक्त फळी पायालाच बांधलेली. शिवाय ती जाळीची असल्यामुळे हलकी, आणि वर पडलेले हिम खाली गळून जाते.

इथे आणखी एक गंमत. सिएरामध्ये ‘स्नोशू’ हा शब्द आधी भलत्याच वस्तूसाठी वापरला जाई. १८५६ पासून वीस वर्षे हिवाळ्यात या डोंगरांपलीकडे टपाल नेणारा मूळचा नॉर्वेचा एक माणूस ‘स्नोशू थॉम्प्सन’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्याच्या पायांत असत त्या तीन मीटर लांबीच्या लाकडी फळ्या, म्हणजे आजच्या भाषेत स्की. चर्च यांच्या पायांत असत त्या खऱ्या जाळीच्या हिमपादुका.

हिमपादुका बांधल्या की सगळे सोपे झाले असे मात्र नाही. हिमाचा स्वभाव दर तासाला बदलतो. पहाटे निघावे तर रात्रीच्या थंडीने वरचा थर गोठून कडक झालेला असतो. त्यावरून नुसत्या बुटांनीही चालता येते, आणि उतार तीव्र असेल तर लाकडी पादुका घसरतात, म्हणून त्या काढून पाठीवर बांधाव्या लागतात. दहा-अकराच्या सुमारास उन्हाने ही साय मऊ होते आणि अचानक तिच्यातून पाय आत जातो. दुपारी ओले जड हिम जाळीला चिकटते, आणि प्रत्येक पाऊल उचलताना दोन-तीन किलो जास्त उचलावे लागतात. वरच्या अंगाला, झाडे संपतात तिथे, वाऱ्याने हिम दाबून फरशीसारखे केलेले असते. पण या फरशीखाली भुसभुशीत थर असेल तर तिचा मोठा तुकडा सुटून खाली घसरू शकतो. हिमकड्यांच्या अनेक अपघातांचे कारण हेच असते.

हा भुसभुशीत थर येतो कुठून? जमिनीलगतचे हिम शून्य अंशाच्या आसपास असते, कारण जमीन उन्हाळ्यातली ऊब धरून असते. वरचा पृष्ठभाग मात्र रात्री उणे पंधरा-वीसपर्यंत जातो. तापमानातील या फरकामुळे खालच्या कणांवरून बाष्प उठते, छिद्रांतून वर सरकते आणि वरच्या कणांवर पुन्हा गोठते. असे काही आठवडे चालले की मूळचे नाजूक षट्कोनी कण नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी साखरेसारखे सुटे, मोठे स्फटिक तयार होतात. ते एकमेकांना धरून राहत नाहीत. उलट, तापमान सगळीकडे सारखे असेल तर कण गोल होतात, एकमेकांना चिकटतात आणि थर घट्ट होत जातो. हिमाची घनता महिन्यागणिक का बदलते, याचे उत्तरही इथेच आहे. ताज्या हिमाची घनता पाण्याच्या पाच ते दहा टक्के असते, महिनाभर बसलेल्या हिमाची वीस ते तीस टक्के, आणि वसंतातल्या ओल्या, दाणेदार हिमाची चाळीस ते पन्नास टक्के. घट्ट बर्फाची जवळजवळ ब्याण्णव टक्के. पाय किती रुततो आणि पाणी किती आहे, हे दोन्ही प्रश्न मुळात एकाच राशीचे आहेत. पायपीट करणाऱ्याला पहिला प्रश्न कळतो. चर्च यांना तिथे दुसराही दिसला.

वादळ आले तर आणखीच निराळा प्रकार. ढग खाली उतरतात, चहूकडून सारखाच पांढरा उजेड येतो आणि सावल्या नाहीशा होतात. सावली नाही म्हणजे चढ-उतार दिसत नाही. समोर दरी आहे की टेकाड, हे पाऊल टाकल्यावरच कळते. आकाश आणि जमीन यांच्यातली रेषाही पुसली जाते. अशा वेळी जाणकार चालणारे झाडांच्या ओळीच्या आधाराने उतरतात, नाहीतर थांबतात.

१९०५ मध्ये विद्यापीठाने माउंट रोझच्या माथ्यावर हवामानाची वेधशाळा उभारण्याचे काम चर्च यांच्याकडे दिले. लॅटिनच्या प्राध्यापकाकडे वेधशाळा देणे आज विचित्र वाटेल. पण हिवाळ्यात तिथे नेमाने जाऊन परत येऊ शकणारा माणूस दुसरा कोण होता? खालच्या खोऱ्यातील फळबागांना कडाक्याच्या थंडीची आगाऊ सूचना मिळावी, अशी एक अपेक्षा त्यामागे होती. ही गरज काय असते ते निफाडच्या द्राक्ष बागायतदारांना समजावून सांगायला नको. उपकरणे स्वतःच नोंद करणारी होती, पण कागद बदलायला, घड्याळाला किल्ली द्यायला आणि मुख्य म्हणजे उपकरणे खरवडायला माणूस लागे. शून्याच्या खाली असूनही द्रवच राहिलेले ढगातले थेंब कशालाही आदळले की तत्क्षणी गोठतात. वाऱ्याच्या दिशेने तोंड करून बर्फाची लांबच लांब पिसे वाढतात, आणि वाऱ्याचा वेग मोजणारी वाटी या पिसाऱ्यात अडकून गप्प बसते. दर खेपेला सुमारे १९०० मीटरची चढण, हिमपादुका आणि पाठीवर सामान.

या खेपांमध्ये चर्च यांनी जंगलातील हिमाकडे लक्ष द्यायला सुरुवात केली. जंगलामुळे हिम टिकते की कमी होते, यावर त्या काळी बराच वाद होता. एका बाजूचे म्हणणे, सावलीमुळे वितळणे लांबते. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, दाट फांद्यांवरच पुष्कळसे हिम अडकते आणि तिथूनच उडून जाते. चर्च यांनी दाट झाडीत, मोकळ्या उतारावर आणि झाडीतल्या मोकळ्या जागांमध्ये मोजून पाहिले. सर्वांत चांगले हिम साचते आणि टिकते ते मधाच्या पोळ्यासारख्या जंगलात, असे त्यांना आढळले. मध्ये मध्ये मोकळ्या जागा हव्यात, पण त्या इतक्याच रुंद की भोवतालच्या झाडांची सावली त्यांच्यावर पडत राहील. वाद घालणाऱ्या दोघांचेही अर्धे बरोबर होते. मला या माणसाचे कौतुक वाटते ते अशा ठिकाणी. मोजता येण्याजोग्या गोष्टीवर तो वाद घालत बसला नाही.

पण मोजायचे कशाने? हिमाचा खांब कापून आणून वितळवायचा तर चूल, भांडी, सरपण सगळे वर न्यावे लागणार. वितळवण्याची तरी काय गरज आहे? हिम वितळले तरी वजन तेवढेच राहते. मग तोलूनच पाहावे. ही कल्पना एकट्या चर्च यांनाच सुचली असे नाही, त्याच सुमारास अमेरिकेच्या पूर्वेकडच्या राज्यांतही काही जण हिम तोलत होते. पण तिकडच्या पातळ थरासाठी केलेली साधने सिएराच्या तीन-चार मीटर खोल, अधूनमधून बर्फाचे पापुद्रे असलेल्या थरात चालणारी नव्हती. १९०८-०९ च्या सुमारास चर्च यांनी आपली नळी तयार केली. लांब, अरुंद, जोडता येणारे तुकडे असलेली धातूची नळी. खालच्या टोकाला करवतीसारखे दाते, म्हणजे फिरवत दाबली की बर्फाचे पापुद्रे कापत खाली जाते. आणि बाजूला खाचा, म्हणजे आत हिमाचा खांब किती उंच आला ते दिसते. नळी वर काढल्यावर तळाशी मातीची लहानशी चकती आली पाहिजे. ती आली तरच नळी जमिनीपर्यंत पोचली असे समजायचे. मग माती काढून टाकायची, नळी काट्याला आडवी टांगायची आणि रिकाम्या नळीचे वजन वजा करायचे.

या नळीच्या व्यासात खरी हुशारी आहे. ती रूढ झाली तेव्हा तिचा आतला व्यास १.४८५ इंच ठरला. हा विचित्र आकडा कुठून आला? एका औंसात २८.३५ ग्रॅम असतात, म्हणजे तेवढेच घनसेंटिमीटर पाणी, म्हणजे १.७३ घनइंच. नळीचे क्षेत्रफळ १.७३ चौरस इंच ठेवले तर तिच्यातल्या एक इंच उंचीच्या पाण्याचे वजन बरोबर एक औंस भरते. वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे सूत्र वापरून व्यास काढा, उत्तर १.४८४ येते. त्यामुळे काट्यावर ४० औंस दिसले की या ठिकाणी ४० इंच पाणी आहे हे तिथल्या तिथे कळते. बोटे गारठलेली, वारा सुटलेला, अशा वेळी गुणाकार-भागाकार करावा लागत नाही. नळीच्या बाहेरील खुणांवरून हिमाची खोली १०० इंच दिसली तर घनता ४० टक्के. आठवी-नववीच्या मुलांना हे गणित जरूर घालून पाहावे.

आता एक अडचण उरली. नळीने एका बिंदूवरचे पाणी कळले. शेकडो चौरस किलोमीटरच्या डोंगरावर किती नळ्या खुपसणार? माथ्यावर तर मोजून उपयोगच नाही, कारण वारा तिथले हिम उडवून दुसऱ्या उतारावर नेऊन टाकतो. शिखराने चर्च यांना डोंगरात आणले, पण मोजायच्या जागा सापडल्या त्या खाली, झाडांच्या आडोशाच्या सपाट मोकळ्या तुकड्यांत. तिथेही सगळे पाणी मोजण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. त्यांचा विचार असा : वादळे दर वर्षी साधारण त्याच वाटांनी येतात, डोंगर तोच, झाडे तीच. मग ठरावीक जागी, ठरावीक रेषेवर, दर वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला मोजले आणि तिथले पाणी नेहमीच्या १२० टक्के निघाले, तर साऱ्या खोऱ्यातले पाणीही नेहमीच्या साधारण १२० टक्के असले पाहिजे आणि नदीलाही त्याच प्रमाणात पाणी आले पाहिजे. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. अट एकच, शीत दर वेळी पातेल्यातल्या त्याच जागेवरून घ्यायचे.

या पद्धतीचा एक फायदा पुढे ध्यानात आला. दात्यांची नळी खोल, दाट हिमात थोडे जास्तच हिम आत ओढते. नीट तुलना केल्यावर ही चूक दहा टक्क्यांच्या घरात असल्याचे दिसले. पण ती दर वर्षी त्याच दिशेने, साधारण तेवढीच होते. यंदाच्या आकड्याला सरासरीने भागले की अंश आणि छेद या दोन्हींतली चूक उडून जाते. उपकरण थोडे खोटे बोलत असले तरी रोज सारखेच खोटे बोलत असेल तर त्याच्याकडून खरी माहिती काढून घेता येते. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असते, पण पाठ्यपुस्तकात मात्र सहसा वाचायला मिळत नाही.

पद्धतीची कसोटी लागली ती टाहो सरोवरावर. हे सरोवर माउंट रोझच्या पायथ्यापासून फार दूर नाही. क्षेत्रफळ सुमारे ४९५ चौरस किलोमीटर. त्यातून बाहेर पडणारी नदी एकच, ट्रकी. ती रीनोमधून वाहत वाळवंटातल्या पिरॅमिड सरोवराला मिळते, समुद्रापर्यंत जातच नाही. टाहोच्या तोंडाशी एक छोटे धरण होते आणि त्याच्या दारांवरून भांडण पेटले होते. काठावर ज्यांची घरे आणि धक्के होते त्यांना पाणी वर चढायला नको होते. खाली वीज तयार करणाऱ्यांना आणि कालव्यावर शेती करणाऱ्यांना ते अडवून हवे होते. दारे लवकर उघडली आणि हिम कमी निघाले तर उन्हाळ्यात शेते कोरडी. उशिरा उघडली आणि हिम जास्त निघाले तर काठावरच्या घरांत पाणी. अशा सरोवरात एक इंच पाणी म्हणजे किती? ४९५ चौरस किलोमीटरला २.५४ सेंटिमीटरने गुणले की सव्वा कोटी घनमीटरहून थोडे अधिक येते. साडेचार इंचांत आपले खडकवासला धरण भरेल. तेव्हा भांडण इंचाइंचावरून का चालले होते हे कळते.

चर्च यांनी सरोवराभोवतीच्या डोंगरात आपल्या रेषा आखल्या, हिवाळाअखेर नळ्या घेऊन फिरले आणि यंदा सरोवर किती चढेल याचा आकडा आधीच द्यायला लागले. १९१० नंतरच्या काही वर्षांत या आकड्यांवर भरवसा ठेवून दारे उघडली-मिटली जाऊ लागली. भांडण मिटले नाही, पाण्याची भांडणे अशी मिटत नसतात. पण दोन्ही पक्षांसमोर एकच आकडा आला. पुढे १९३५ मध्ये सरोवर, नदी आणि कालवे यांच्या पाण्याबाबत करार झाला, त्यात सरोवराची कमाल पातळी फुटाच्या दहाव्या भागापर्यंत ठरवलेली आहे. त्याच वर्षी अमेरिकेच्या केंद्रीय कृषी खात्याने पश्चिमेकडच्या राज्यांतील हिममोजणीच्या कामात एकसूत्रता आणण्याची जबाबदारी घेतली.

एप्रिलमध्ये मोजलेले पाणी जुलैपर्यंत पुरते ते कसे, हेही पाहायला हवे. शून्य अंशावरील एक ग्रॅम हिमाचे शून्य अंशावरीलच पाणी व्हायला ८० कॅलरी लागतात. तेवढ्या उष्णतेत एक ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापले असते. उतारावर एक मीटर पाण्याएवढे हिम असेल तर दर चौरस मीटरला ८० हजार किलोकॅलरी पुरवाव्या लागतात. आणि ऊन पडले तरी ताजे हिम त्यातले ८० ते ९० टक्के परत फेकून देते. निसर्गाने हे धरण सावकाश सुटेल असेच बांधले आहे. मात्र हिमावर धूळ किंवा काजळी बसली की परावर्तन झपाट्याने घटते आणि तेच हिम काही आठवडे आधी संपते.

आपल्या देशात हिमाचा विचार दुसऱ्याच अंगाने सुरू झाला होता. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर पावसाचे भाकीत आगाऊ करता येईल का, असा प्रश्न सरकारने हवामान खात्याला विचारला. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये मांडले की हिमालयात हिम जास्त पडले तर त्यानंतरचा मोसमी पाऊस कमी पडण्याकडे कल असतो. सूर्याची उष्णता हिम वितळवण्यात खर्च होते आणि जमीन उशिरा तापते, असा त्यामागचा विचार. ४ जून १८८६ रोजी या आधारावर पहिले अधिकृत भाकीत प्रसिद्ध झाले. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी १९०९ मध्ये जे सूत्र वापरले त्यातही मेअखेरचे हिमालयातील हिम हा एक घटक होता. म्हणजे चर्च माउंट रोझच्या उतारावर नळी खुपसत होते त्याच सुमारास शिमल्याला वॉकर हिमाचा आकडा सूत्रात घालत होते. फरक असा की इकडचा आकडा तोललेला नव्हता. खिंडी किती बंद आहेत, पांढरे किती खाली आले आहे, अशा वर्णनांवरून तो ठरत असे. हा संबंध पुढे डळमळीत झाला. पण उपग्रहांमुळे युरेशियाभरचे हिम दिसू लागल्यावर १९७६ मध्ये तो पुन्हा चर्चेत आला. पुण्याहून मोसमी पावसाच्या दीर्घ पल्ल्याच्या अंदाजावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना हा विषय नवा नाही.

चर्च स्वतः १९४७ मध्ये भारत सरकारच्या निमंत्रणावरून हिमालयात हिममोजणीची पाहणी करायला आले. तेव्हा त्यांचे वय होते ७८. त्याआधी ते १९२० च्या दशकात ग्रीनलंडच्या मोहिमांवर जाऊन आले होते. १९५९ मध्ये ते वारले. त्यांचे नाव विद्यापीठातील ज्या इमारतीला दिले आहे ती विज्ञानाची नाही, ललित कलांची आहे.

हिमालयात मात्र ही पद्धत सिएरासारखी रुजली नाही. कारणे उघड आहेत. मोजण्याजोगे हिम बहुतेक ठिकाणी माउंट रोझच्या माथ्याहूनही वर आहे, रस्ते हिवाळ्यात बंद असतात आणि हिमकडे कोसळण्याचा धोका मोठा. १९६९ मध्ये मनालीला हिम आणि हिमस्खलन अभ्यासाची संस्था निघाली, पण तिचा मुख्य हेतू सीमेवरच्या जवानांची सुरक्षितता हा होता. सतलजसारख्या नद्यांच्या उन्हाळी पाण्याचा अंदाज उपग्रहांच्या चित्रांवरून केला जातो. चित्रात हिमाचे क्षेत्र दिसते, वजन दिसत नाही. म्हणजे रीनोच्या शेतकऱ्याची जुनी अडचण इथेही काही प्रमाणात आहेच.

अमेरिकेत १९७० च्या दशकाअखेरपासून स्वयंचलित केंद्रे उभी राहिली. जमिनीवर पसरलेल्या, न गोठणारा द्रव भरलेल्या मोठ्या उशीवर हिम साचते आणि द्रवाच्या दाबावरून वजन कळते. ही माहिती खाली पाठवण्याची सुरुवातीच्या काही दशकांतली रीत मोठी मजेची होती. वातावरणात जळणाऱ्या सूक्ष्म उल्कांच्या क्षणिक आयनित शेपट्यांवरून रेडिओ लहरी परावर्तित करून संदेश शेकडो किलोमीटर दूर पोचवत. आता विमानातून लेसरने साऱ्या खोऱ्यातील हिमाची खोलीही मोजतात. तरीही नळी आणि हिमपादुका अडगळीत गेलेल्या नाहीत. दर वर्षी एप्रिलच्या तोंडावर माणसे अजून त्या घेऊन जातात.

मात्र टक्केवारीची पद्धत ज्या गृहीतावर उभी आहे तेच आता हलू लागले आहे. ‘नेहमीच्या’ म्हणजे कुठल्या? १ एप्रिल २०१५ रोजी कॅलिफोर्नियात हिमातले पाणी सरासरीच्या अवघे ५ टक्के निघाले, आणि टाहोच्या दक्षिणेकडील फिलिप्स या मोजणीच्या जागी तर कोरडे गवत होते. १ एप्रिल २०२१ ला हिम सरासरीच्या साठ टक्क्यांच्या आसपास होते, पण नद्यांना आलेले पाणी अंदाजाहून पुष्कळच कमी निघाले. आदल्या कोरड्या वर्षाने तहानलेल्या जमिनीने वितळलेले पाणी वाटेतच पिऊन टाकले. त्याच डोंगरावर २०२३ मध्ये प्रचंड हिम साचले. पूर्वी जिथे हिम पडे तिथे आता कधी कधी पाऊस पडतो, आणि तो पाणी धरून न ठेवता वाहून जातो. त्यामुळे अंदाज करणारे आता जमिनीचा ओलावाही मोजतात.

हिम पाहायला न मिळणाऱ्या आपल्या मुलांना यातले काही करून पाहता येईल का? येईल. गोळेवाल्याकडून किसलेला बर्फ आणा. तो खरे हिम नव्हे, पण सच्छिद्र आहे, आणि आपल्याला तेवढेच हवे आहे. सरळ भिंतीचा डबा घ्या; वर रुंद होत जाणारा पेला घेतला तर उंचीची तुलना चुकते. रिकामा डबा तोला. बर्फ न दाबता भरा, पट्टीने उंची मोजा आणि लगेच पुन्हा तोला. डब्याचा आतला व्यास मोजून क्षेत्रफळ काढा. बर्फाच्या ग्रॅममधल्या वजनाला त्या क्षेत्रफळाने भागा, म्हणजे वितळल्यावर पाणी किती सेंटिमीटर चढेल ते आधीच सांगता येईल. तो आकडा फळ्यावर लिहून ठेवा आणि डबा झाकून बाजूला ठेवा. पुढच्या तासाला पाण्यात पट्टी बुडवून पाहा. दुसऱ्या गटाला तेवढ्याच उंचीपर्यंत बर्फ दाबून भरायला सांगा. दोन डब्यांची उंची सारखी आणि वजने वेगळी दिसली, की रीनोच्या शेतकऱ्याची अडचण मुलांना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. आदल्या दिवसाचा, कडेने थोडा वितळून पुन्हा फ्रीजमध्ये गोठलेला किसलेला बर्फ मिळाला तर त्याचाही तिसरा डबा ठेवा, त्याची घनता बहुधा सर्वांत जास्त भरेल.